सत्तेचाळीस नंबर हजर

मी वर्गात हजेरी तोंडी घेत नाही. मस्टर हातात धरून बाकाबाकापाशी जातो, समोरच्या पोराचं तोंड नीट बघतो आणि मग खूण करतो. लातूरच्या ज्या तंत्रनिकेतनात मी शिकवतो तिथं याची भरपूर टिंगल होते. पोरं म्हणतात, सर स्थळ बघायला आल्यासारखे बघतात. आता तर भिंतीला अंगठ्याचं मशीन लागलंय, तरी माझी फेरी चुकत नाही. कुणी कारण विचारलं तर मी दर वर्षी नवीन सांगतो. एका वर्षी डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणालो, एका वर्षी कानात पाणी गेलंय म्हणालो. खरं कारण नांदेडात आहे, मी शिकलो त्या कॉलेजात.

आमच्या लातुरात पोर जन्मलं की दाई आधी त्याचा टक्का सांगते आणि मग मुलगा की मुलगी ते. मला बारावीला टक्के बरे पडले, पण लातूरच्या मानानं कमीच. आमच्या आळीतल्या एका काकूंनी तर घरी येऊन माझ्या आईच्या पाठीवरून हात फिरवला, कुणी गेल्यावर फिरवतात तसा. त्यामुळं नांदेडच्या सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजात नंबर लागला तेव्हा मी ट्रंक घेऊन असा निघालो, की बसस्टँडवर कंडक्टरलासुद्धा वाटलं हा पळून चाललाय.

कॉलेज शहराबाहेर. आधी तो नुसता माळ होता. वर्कशॉपचे जुने इन्स्ट्रक्टर होते, पान खाऊन त्यांचे दात वीटकामाच्या विटांसारखे झालेले. ते सांगायचे, पहिल्या बॅचला वर्ग नव्हते, पत्र्याच्या शेडमध्ये फळा टांगून शिकवायचे आणि उन्हाळ्यात पत्रा एवढा तापायचा की फळ्यावरचा खडू आपोआप पिवळा पडायचा. सर्व्हेचं प्रॅक्टिकल म्हणून पोरांनीच माळ मोजला, आणि एका बॅचची मोजणी चुकली म्हणून मेसची इमारत वाकडी झाली. वाकडी होतीच, मी त्यात चार वर्षं जेवलोय. पाच वर्षं खरं तर, ते पुढं येईल. पुढं कॉलेजची पाटी बदलत गेली, स्वायत्त झालं, आता विद्यापीठ म्हणतात. पाटी रंगवणारा पेंटर इतक्या वेळा आत आला की त्याची हजेरी माझ्यापेक्षा जास्त भरली असती.

भुतं बख्खळ. वर्कशॉपमध्ये तीन नंबरचं लेथ आपोआप फिरायचं. पाण्याच्या टाकीवर एक बाई केस वाळवत बसायची. तिला कुणी बघितली नव्हती, पण केस लांब आहेत यावर सगळ्यांचं एकमत होतं. आणि सगळ्यात नामी भूत परीक्षा हॉलमधलं. कोण्या एका सिनियरला गणिताचा तिसरा पेपर तेरा वेळा सुटला नाही, तो त्याच धसक्यात गेला, आणि अजून दर परीक्षेत शेवटच्या बाकावरून हात वर करून पुरवणी मागतो, असं म्हणत. यातली निम्मी भुतं मीच वर्गातल्या पोरांसाठी तयार केलेली. पुरवणीवालं तर अख्खं माझं. त्या बढाईत असताना मी आणखी एक तयार केलं, आणि ते भूत आहे हे मला अडीच महिने कळलं नाही.

तर हजेरी. आमच्याकडं पंच्याहत्तर टक्के हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देत नसत. बोर्डावर यादी लागायची, तिच्यात नंबर आला की सहा महिने गेले. म्हणून प्रॉक्सी. एक पोरगं बाहेर असलं की दुसऱ्यानं त्याच्या नंबरला ‘यस सर’ म्हणायचं. ही काही लबाडी समजली जात नव्हती, शेजारधर्म होता. दारावर आलेल्याला पाणी विचारतात तसं.

त्याच शेजारधर्माचा दुसरा भाग असा: कॅम्पसमध्ये कुणाचा मास्तर, बाप, चुलता, कुणीही मोठं माणूस एखाद्या पोराची चौकशी करत आलं, तर एकच उत्तर द्यायचं. “आत्ताच इथं होता.” ते पोरगं सिनेमाला असो, गावाला असो, तुम्ही त्याला ओळखत असा की नसा. हे कुणी शिकवत नसे. पहिल्या आठवड्यात अंगात मुरायचं. मेसचा वाढपी, लायब्ररीचा शिपाई, गेटवरचा वॉचमन, सगळे तेच म्हणायचे, तेही आमच्यातच मुरलेले.

प्रॉक्सीत माझा हात धरणारा कुणी नव्हता. चौदा आवाज काढायचो. घोगरा, किनरा, सर्दीचा, नुकताच धावत आल्याचा. एकदा तर एका मुलीची पण दिली आणि सरांनी वर न बघता ‘गुड’ म्हटलं. पण खरी कसोटी लागायची ती लागोपाठच्या नंबराला. माझा नंबर अठ्ठेचाळीस. माझ्या आधीचा सत्तेचाळीस माझाच रूम पार्टनर. त्याची द्यायची तर एका श्वासात दोन माणसं व्हावं लागायचं: आधी तोंड कोपराच्या खळग्यात घालून जाड आवाजात एक ‘यस सर’, मग मान वर करून आपल्या आवाजात दुसरा.

सत्तेचाळीस किनवटकडचा. जंगलाच्या कडेचं गाव, घरची कोरडवाहू शेती. पाचवीपासून वसतिगृहात राहून शिकलेला, त्यामुळं ताट धुऊन पालथं घालायचा आणि अंथरुणाची घडी अशी करायचा की तिच्यावर टी-स्क्वेअर ठेवून रेघ मारावी. बोलायचा मात्र मोजकं. वर्गात स्वतःच्या नंबरला ‘यस सर’ म्हणायचा तेही इतकं हळू, की ते त्याच्या खिशातून आल्यासारखं वाटायचं. सरांना ऐकू जायचं नाही. सर दुसऱ्यांदा ओरडले की तो आणखी आक्रसायचा. मग मीच त्याच्या वतीनं जाड आवाजात म्हणू लागलो, तो शेजारी बसलेला असतानासुद्धा. तो हसायचा. “बरं झालं गड्या, माझा घसा वाचला,” म्हणायचा.

तिसरा पार्टनर बिलोलीचा. त्याला आम्ही बिलोलीच म्हणायचो. अंगानं दांडगा, भुकेनं त्याहून दांडगा. मेसवाला त्याला बघितल्यावर कणीक पुन्हा भिजवायचा.

पहिल्या सहामाहीचा निकाल लागला. सत्तेचाळीसचे चार विषय राहिले. बोर्डासमोर तो बराच वेळ उभा होता, जसं काही थांबलं तर एखादा विषय आपणहून सुटेल. दिवाळी झाल्यावर थोड्याच दिवसांनी एका दुपारी तो खोलीत आला, पिशवी भरली आणि म्हणाला, “गावाकडं जाऊन येतो. चार दिस.”

“काय करलालास तिकडं जाऊन? आत्ता तर आलास.”

“काम हाय.” मग दारात थांबून म्हणाला, “हजेरी भरल्यावर परीक्षेला बसू देतेत ना पुन्हा?”

“देतेत की!”

“मंग बघशील का?”

मी खाटेवर आडवा होतो. उठलोसुद्धा नाही. म्हणालो, “चार दिवस काय, चार वर्षं जा. डिग्री पोस्टानं पाठवतो तुला.”

बिलोली खदखदून हसला. सत्तेचाळीस पण हसला आणि गेला. किनवटच्या गाडीची वेळ होती.

चार दिवस झाले, आठ झाले. आम्ही म्हणालो, कापूस वेचणीला अडकला असेल. पंधरा झाले. घरी कुणाचं तरी दुखत असेल. तेव्हा मोबाईल फक्त ठेकेदारांच्या पोरांकडं. त्याच्या गावात फोन होता तो म्हणे सरपंचाच्या घरी कुलपात. पत्र लिहायचं दोनदा ठरलं. बिलोलीनं कार्डही आणलं, त्यावर पत्ता काय लिहायचा ते आम्हा दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी त्या कार्डावर आम्ही क्रिकेटचा स्कोअर लिहिला.

हजेरी मात्र मी चोख भरत होतो. सहा विषय, सहा मस्टरं, एकही तास चुकवला नाही. त्याच्यासाठी म्हणून मी स्वतः वर्गात जाऊ लागलो. त्या सहामाहीत माझी हजेरी आयुष्यातली सर्वोत्तम. मग सबमिशन आलं. नुसती हजेरी भरून काय उपयोग, जर्नल आणि ड्रॉइंग शीट नको? दोन खाटांच्या मध्ये काच ठेवायची, खाली टेबल-लॅम्प, वर कुणाची तरी झालेली शीट, तिच्यावर कोरा कागद, आणि उमटेल तशी रेघ गिरवायची. अख्खं कॉलेज अशानं पास होत होतं. सत्तेचाळीसच्या शीट मी गिरवल्या, जर्नल बिलोलीनं उतरवलं. ती जागा मोकळी होती म्हणून काच त्याच्याच खाटेपाशी मांडली. ग्राफिक्सच्या सरांनी त्याच्या शीटवर सही करताना मान डोलावली. “हा मुलगा बोलत नाही, पण नियमित आहे. शिका जरा याच्याकडून,” असं माझ्याकडं बघून म्हणाले.

खोलीत परत येऊन आम्ही एवढे हसलो की शेजारच्या खोलीतले काय झालं म्हणून बघायला आले. त्यांना सांगितलं, ते पण हसले. मग सत्तेचाळीस नंबर वर्गाचं लाडकं पोरगं झाला. कुणी हरवलेली पट्टी सापडली की ‘सत्तेचाळीसनं ठेवली असेल’. मेसमध्ये जास्तीची भाकरी आली की ‘सत्तेचाळीसची’. एक जण सांगू लागला, वर्कशॉपच्या मागं मला दिसला, पाठमोरा. थाप होती. थाप कशी मारतात ते मला कळतं, तिच्या शिवणी मला दिसतात. तरी मी वर्कशॉपच्या मागं जाऊन बघून आलो.

आणि मग तो घशाचा दिवस. माझा घसा असा सुजला की आवाज नावाला उरला नाही. नुसती हवा यायची. मी बिलोलीला सांगून ठेवलं, दोघांची तू दे. आयत्या वेळी बिलोली चहाला गेला तो आलाच नाही. हजेरी सुरू झाली. फॉर्टी फाईव्ह, फॉर्टी सिक्स. मी हातवारे करून पुढच्याला खुणावत होतो, त्याला कळेना.

“फॉर्टी सेवन.”

“यस सर.”

जाड आवाज. माझा, म्हणजे मी त्याला दिलेला. माझ्या उजव्या अंगानं आला. उजव्या अंगाला भिंत होती.

“फॉर्टी एट,” सर म्हणाले. मी हात वर केला.

“तोंड नाही का रे तुला?”

नव्हतंच. मी बोट घशाला लावून दाखवलं. तास संपल्यावर एकेकाला कागदावर लिहून विचारलं, कोण बोललं? साठच्या साठ म्हणाले, मी नाही. काही जण वर म्हणाले, “चढू नको बे, तूच बोललास. आम्ही ओळखत नाही का तुझा आवाज?”

आज मी एवढंच म्हणेन, की शेजारधर्म होता, कुणीतरी पाळला असेल. त्या दिवशी मात्र मी खोलीत गेलो आणि त्याच्या खाटेपाशी मांडलेली काच उचलून भिंतीला टेकवली.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. सकाळच्या तासाला बाहेर पडलो तर कॉरिडॉरच्या पायरीशी एक माणूस उभा. धोतर, डोक्याला रुमाल, खांद्यावर गाठोडं, पायातली चप्पल काढून हातात धरलेली. कॉलेजात चप्पल घालून यावं की नाही याचा निर्णय झाला नसावा. बाहेर येणाऱ्या प्रत्येक पोराच्या तोंडाकडं तो बघत होता. साठ पोरं संपली. मी आणि बिलोली शेवटी होतो.

“लेकरा, ह्यो सत्तेचाळीस नंबराचाच वर्ग ना?”

“हाव.”

“माझं पोरगं हाय ते. दिसलं न्हाई. हापिसात जाऊन आलो म्या. त्या सायबानं बुकं काढून दावली. म्हणले, बाबा, तुमचं पोरगं एक दिस चुकलेलं न्हाई.” तो सांगताना हसत होता. हिरड्या दिसेपर्यंत. “सणाला आलं न्हाई, कागद न्हाई, त्याची माय बेजार झाली. म्हणलं बघून यावं. अभ्यासात असंल तर कशाला येतंय, न्हाई का?”

तो गावाला पोचलाच नव्हता.

हे मला कळलं. बिलोलीलाही कळलं, कारण त्याच्या हातातला ड्रॉइंगचा ड्राफ्टर खाली पडला. अडीच महिने बाप समजत होता पोरगं कॉलेजात आहे, आम्ही समजत होतो गावाला आहे, आणि मध्ये तो कुठं आहे हे विचारायचं कुणाला सुचू नये अशी सोय मी रोज सकाळी सहा वेळा करत होतो.

मी तोंड उघडलं. आणि तोंडातून आलं, “आत्ताच इथं होता, काका.”

शपथेवर सांगतो, मला ते म्हणायचं नव्हतं. पण निघालं.

“कुण्या बाजूला गेलं?”

“लायब्ररीत असेल,” बिलोली म्हणाला.

म्हातारा लायब्ररीकडं गेला. आम्ही खोलीत जाऊन दार लावलं. बिलोली म्हणाला, सांगितलं तर तू गेलास, मी गेलो, वर्ष गेलं, घरी कळलं तर मला बैलाच्या जागी जुंपतील. मी म्हणालो, पण तो गेला कुठं? बिलोली म्हणाला, ते मला काय माहीत, तू आधी ठरव सांगायचं का नाही. मी खिडकीतून बघत होतो. म्हातारा लायब्ररीतून बाहेर आला आणि झपाझप मेसकडं निघाला. त्याला तिथंही कुणीतरी सांगितलं असणार. मेसमधून वर्कशॉपकडं. वर्कशॉपमधून पाण्याच्या टाकीकडं. उन्हात तो पांढरा रुमाल त्या माळावर असा फिरत होता, जसं काही तीच मोजणी पुन्हा चालू आहे. प्रत्येक ठिकाणी त्याला एकच उत्तर मिळत होतं, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा वेग वाढत होता. आत्ताच होता म्हणजे दहा पावलांवर असणार.

दुपार कलली तसा मीच खाली उतरून त्याच्या मागं निघालो. मला सांगायचं होतं की तो काय शोधतोय ते बघायचं होतं, मला माहीत नाही. मेसच्या वाढप्याला विचारलं, ते बाबा आले होते का? तो म्हणाला, “आले होते. त्यांचं पोरगं आत्ताच जेवून गेलं, सांगितलं मी.” “तू बघितलंस त्याला?” तो जरा गोंधळला. “किनवटचा ना? शांत? बघितल्यासारखं वाटतंय.” लायब्ररीच्या शिपायानं त्याची बसायची जागा दाखवली, पंख्याखालची. वॉचमन म्हणाला, सकाळीच मला नमस्कार करून गेला, लई सभ्य. मी ते ऐकत ऐकत चाललो होतो आणि माझीच मान वळायला लागली. झाडामागं, जिन्याच्या वळणावर, सायकलस्टँडमध्ये. एवढी माणसं खोटं कशाला बोलतील? आणि मग आठवायचं, कशाला ते.

दिवेलागणीला तो आमच्या खोलीच्या दारात आला. मी तोवर परत येऊन बसलो होतो.

“त्यो हिथंच येईल ना?” म्हणाला. “म्या बसतो. लई चपळ झालंय पोरगं. दिसभर पाठीमागं हाय म्या, गावतच न्हाई.”

सत्तेचाळीसच्या खाटेवर तो बसला. अंथरुणाच्या घडीवर हात फिरवला आणि हात उलटा करून बघितला. तळव्याला धूळ लागली होती. त्यानं तो धोतराला पुसला. गाठोडं सोडलं. तिळाच्या पोळ्या होत्या, कडक झालेल्या. दोन माझ्या हातात दिल्या, दोन बिलोलीच्या. बाकीच्या पुन्हा बांधल्या. स्वतः घेतली नाही.

“तुम्ही खावा की काका.”

“ते आल्यावर.”

बिलोलीनं, जो कुणाच्याही ताटातलं सोडत नव्हता, त्यानं पोळी खाली ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून बसला. मग मी सांगितलं. सगळं. चार दिवसांपासून ते शीटपर्यंत.  मी थांबल्यावर म्हातारा म्हणाला, “मंग बुकात हाय म्हणत्यात, ते?”

“ते मी.”

“तू कसं?”

“त्याच्या आवाजात.”

“म्हण.”

“काका...”

“म्हण की. रोज म्हणतूस न्हवं?”

मी मान खाली घातली, सवयीनं तोंड कोपरात गेलं, आणि म्हणालो. खोलीत तो शब्द फार मोठा झाला. म्हातारा कान देऊन ऐकत राहिला, संपल्यावरसुद्धा.

“ह्यो त्येचा आवाज न्हाई,” तो म्हणाला. “त्येचा बारीक हाय. मायसारखा.”

मला तो आठवेना. शेजारी झोपणाऱ्या पोराचा आवाज मला आठवेना. जेवढा म्हणून कानात होता तेवढा मीच काढलेला होता. अजूनही तेच आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलीस चौकीत गेलो. जमादार म्हणाले, कॉलेजचा कागद आणा, कोणत्या तारखेपासून गायब. कॉलेजात मस्टर म्हणत होतं, कालपर्यंत हजर. त्यामुळं गायब करायला आधी त्याला गैरहजर करणं भाग होतं. प्राचार्यांसमोर मी लिहून दिलं. माझं वर्ष गेलं, बिलोलीचंही. घरून त्याला जुंपलं मात्र नाही. नुसतं कुणी बोललं नाही.

विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये सहा मस्टरं टेबलावर मांडली. ग्राफिक्सचे सर, ज्यांनी मान डोलावली होती, त्यांनी मला लाल पेन दिलं. “तू लावलेस, तूच काढ,” म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. प्रत्येक खोडाखोडीपुढं ते सही करणार होते. म्हातारा शेजारच्या खुर्चीत. त्याला अक्षर येत नव्हतं, त्यानं विचारून घेतलं, निळं म्हणजे काय आणि लाल म्हणजे काय. निळं म्हणजे हाय, लाल म्हणजे न्हाई.

मी कालपासून सुरुवात केली आणि मागं निघालो. निळा पी खोडायचा, वर लाल ए. म्हाताऱ्यानं बोट ठेवायचं. “ह्यो?” “नाही काका.” पुढचा. “ह्यो?” “नाही.” पौष गेला. घशाचा दिवस आला तेव्हा माझं पेन थांबलं.

“ह्यो त्येचा?” म्हातारा लगेच म्हणाला.

मी सरांकडं बघितलं. सर माझ्याकडं. हा मी दिला नव्हता, आणि तो इथं नव्हता, यातलं कोणतं वाक्य मोठ्यानं म्हणायचं?

“नाही,” म्हणालो आणि खोडला.

सहा मस्टरांत दिवसामागून दिवस लाल होत गेला, आणि पोरगं त्या केबिनमधून एकेक दिवस लांब जात होतं. म्हाताऱ्यानं एकदा पुटपुटल्यासारखं म्हटलं, “एखादा तरी त्येचा आसंल की रं.” मी पुढचा खोडला. शेवटी तो आठवडा आला ज्यात तो पिशवी घेऊन गेला. मला दुपार आठवत होती, किनवटच्या गाडीची वेळ आठवत होती, वार आठवत नव्हता. बुधवार की गुरुवार. बिलोली म्हणाला गुरुवार. मग म्हणाला बुधवार असेल. दोन्ही दिवशी सकाळी पहिल्या तासाला निळा पी होता. दोन्हीतला आवाज माझाच असणार, कारण तो शेजारी बसलेला असतानाही मीच म्हणायचो.

“तारीख पक्की पाहिजे,” सर म्हणाले. “चौकशी त्या दिवशीच्या गाडीची होणार.”

म्हाताऱ्यानं गुरुवारच्या खुणेवर बोट ठेवलं. नख काळं, मातीचं. बोट उचलेना.

“ह्यो त्यो हाय का तू?”

मला माहीत नव्हतं. मी आयुष्यभर न बघितलेलं बघितलं म्हणून सांगत आलोय आणि कधी अडखळलो नाही. त्या दिवशी पहिल्यांदा ‘माहीत नाही’ एवढं खरं म्हणायचं होतं आणि ते त्या बोटापुढं म्हणवेना.

“तोच,” म्हणालो. “त्या दिवशी तो होता. स्वतः बोलला.”

“मोठ्यानं?”

“मोठ्यानं.”

म्हाताऱ्यानं मान हलवली. सरांनी गुरुवार लिहिला. चौकशी गुरुवारच्या गाडीची झाली, त्या गाडीत त्याला कुणी बघितलेलं नव्हतं. पुढं तो माहूरच्या गडावर दिसला, आदिलाबादला हॉटेलात दिसला असं लोक सांगत राहिले आणि म्हातारा जात राहिला. बुधवारच्या गाडीची चौकशी करा, असं मी महिन्याभरानं चौकीत जाऊन सांगितलं. जमादारांनी कागद काढून बघितला आणि विचारलं, “गुरुवारी सकाळी तर हजर आहे की तो. तूच सांगितलंस ना?”